विश्लेषण : हातात ओळखपत्र, यादीत नाव नाही… ‘आधार’ जोडल्याने घोळ मिटेल का?

प्रत्येक निवडणुकीत हे दृश्य दिसते. मतदार सकाळीच रांगेत उभा राहतो. खिशात मतदार ओळखपत्र असते, मागच्या वेळी याच शाळेत मतदान केल्याचे आठवत असते. केंद्राबाहेरच्या टेबलावर कार्यकर्ते यादीची पाने उलटतात, मोबाइलवर शोधतात आणि शेवटी सांगतात, ‘तुमचे नाव नाही.’ त्याच यादीत चार वर्षांपूर्वी वारलेल्या शेजाऱ्याचे नाव मात्र फोटोसकट असते. कधी एकाच माणसाचे नाव दोन गावांत निघते.

यावर उपाय म्हणून प्रत्येक नाव ‘आधार’ला जोडावे, असा विचार गेली दहा वर्षे पुढे येत आहे. त्यासाठी २०२१ मध्ये कायदा बदलण्यात आला. बँकेचे खाते आधारला जोडता, मग मतदार ओळखपत्र जोडायला हरकत काय, असा प्रश्न अनेकांना पडतो. प्रश्न वाजवी आहे, पण त्याचे उत्तर वाटते तेवढे सोपे नाही.

ओळखपत्र असूनही मतदान का करता येत नाही?

आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. मतदानाचा अधिकार मिळतो तो मतदार यादीत नाव असल्यामुळे. ओळखपत्र फक्त एवढेच सांगते, की यादीत ज्याचे नाव आहे तो माणूस हाच. म्हणून नाव असेल आणि मतदार ओळखपत्र घरी राहिले असेल, तरी मतदान करता येते. निवडणूक आयोग प्रत्येक निवडणुकीत पर्यायी कागदपत्रांची यादी जाहीर करतो. आधार कार्ड, पॅन कार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेले बँक किंवा टपाल खात्याचे पासबुक, मनरेगाचे जॉब कार्ड, निवृत्तिवेतनाची फोटो असलेली कागदपत्रे, अपंगत्वाचे यूडीआयडी कार्ड यांपैकी एक पुरते. घरी येणारी मतदार चिठ्ठी मात्र २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. परदेशात राहणाऱ्या नोंदणीकृत भारतीय मतदाराला मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो.

याउलट यादीतून नाव गेले असेल, तर ओळखीचे दहा पुरावे दाखवूनही उपयोग नसतो.

केंद्रावर कोणी दुसऱ्याच्या नावाने मत द्यायला आले, तर त्यासाठीही जुनी तरतूद आहे. उमेदवाराचा प्रतिनिधी दोन रुपये भरून त्या मतदाराच्या ओळखीला आक्षेप घेऊ शकतो. ‘आक्षेपित मत’ म्हणतात ते हेच. १९६१ च्या नियमांतली दोन रुपयांची ही रक्कम आजही तेवढीच आहे. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर ओळख पटवून ‘प्रदत्त मत’ कागदी मतपत्रिकेवर देता येते. त्यामुळे केंद्रावरची तोतयेगिरी हा काही आज अचानक उभा राहिलेला प्रश्न नाही आणि आजचा वाद प्रामुख्याने त्यावर नाहीही. वाद आहे तो यादीत कोण राहणार आणि कोण जाणार, हे कोणत्या कागदावर ठरवायचे याचा.

ओळखपत्राची सुरुवात कधी झाली?

फोटो असलेल्या मतदार ओळखपत्राचा आदेश १९९३ मध्ये तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या काळात निघाला. ओळखपत्रे दिली नाहीत तर १ जानेवारी १९९५ नंतर निवडणुकाच घेणार नाही, अशी भूमिका शेषन यांनी घेतली होती. राज्य सरकारांनी खर्चाचे आणि वेळेचे कारण पुढे केले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ओळखपत्राअभावी निवडणूक अडली नाही. शेषन यांचा दरारा सर्वांच्या लक्षात राहिला. पण ओळखपत्र नसल्याने कोणाचे मत बुडू नये, हे तत्त्व तेव्हाच रुजले, ते फारसे कोणाच्या लक्षात नाही.

‘आधार’ मतदार यादीपर्यंत कसे आले?

मार्च २०१५ मध्ये आयोगाने मतदार यादी शुद्धीकरणाची देशव्यापी मोहीम सुरू केली. तिच्यात आधार क्रमांक गोळा करून यादीशी जोडण्याचे काम होते. काही महिन्यांतच कोट्यवधी क्रमांक जोडले गेले. ११ ऑगस्ट २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आधारचा वापर ठरावीक योजनांपुरता मर्यादित ठेवण्याचा अंतरिम आदेश दिला आणि आयोगाला मोहीम थांबवावी लागली.

पुढे २०१८ च्या तेलंगण विधानसभा निवडणुकीत मतदानाच्या दिवशी असंख्य मतदारांना आपली नावे सापडली नाहीत. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. यादीच्या ‘शुद्धीकरणा’त आधारच्या आधारे संगणकाने केलेल्या जुळणीचा हा परिणाम असल्याचा आरोप झाला. तेव्हापासून या वादात तेलंगणचे उदाहरण हमखास दिले जाते.

त्याच वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधारबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल आला. सरकारी अनुदान आणि योजनांसाठी तसेच पॅनला जोडण्यासाठी आधार चालेल, पण बँक खाते आणि मोबाइल सिमसाठी सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. थोडक्यात, आधार मागायचे असेल तर त्यामागे कायदा हवा आणि मागणी उद्दिष्टाच्या प्रमाणात हवी. मतदार यादीसाठी असा कायदा तेव्हा नव्हता.

२०२१ च्या कायद्यात नेमके काय आहे?

ती उणीव ‘निवडणूक कायदे (सुधारणा) कायदा, २०२१’ने भरून काढली. तत्कालीन कायदामंत्री किरेन रिजिजू यांनी विधेयक २० डिसेंबर २०२१ रोजी लोकसभेत मांडले आणि ते त्याच दिवशी आवाजी मतदानाने मंजूर झाले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेनेही ते मंजूर केले. विधेयक स्थायी समितीकडे पाठवा, ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. त्या गदारोळात नियमपुस्तिका भिरकावल्याच्या आरोपावरून तृणमूल काँग्रेसचे डेरेक ओब्रायन निलंबित झाले. मतदार यादीसारख्या विषयाला दोन सभागृहांत मिळून दोन दिवस मिळावेत, हे कायद्याच्या बाजूने असणाऱ्यांनाही खटकायला हवे होते.

या कायद्यातल्या काही सुधारणांवर कोणाचाच आक्षेप नव्हता. पूर्वी १ जानेवारीला १८ वर्षे पूर्ण असतील तरच त्या वर्षीच्या यादीत नाव येई. आता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार महिन्यांच्या पहिल्या तारखा ग्राह्य धरल्या जातात. लष्करात असलेल्या महिलेच्या पतीलाही सेवा मतदार म्हणून नोंदणी करता यावी, यासाठी ‘पत्नी’ऐवजी ‘जोडीदार’ असा शब्द आला.

खरी ठिणगी पडली ती लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २३ मधील बदलामुळे. नवे नाव नोंदवणाऱ्याची ओळख पटवण्यासाठी आणि आधीच यादीत असलेल्यांच्या नोंदी तपासण्यासाठी मतदार नोंदणी अधिकारी आधार क्रमांक मागू शकतो. त्याच कलमात पुढे असेही म्हटले आहे, की ‘पुरेशा कारणा’मुळे आधार देता आला नाही तर कोणाचा अर्ज नाकारला जाणार नाही आणि कोणाचे नाव वगळले जाणार नाही.

‘पुरेसे कारण’ म्हणजे काय? ते कायद्याने सांगितले नाही, नियमांवर सोडले. आधार आहे, पण मला ते द्यायचे नाही, हे पुरेसे कारण ठरते का? सगळा घोळ इथून सुरू होतो.

ऐच्छिक होते, मग अर्जात तसे का नव्हते?

१ ऑगस्ट २०२२ पासून नवे नियम लागू झाले आणि आधीपासून यादीत असलेल्यांसाठी ‘अर्ज ६ ब’ आला. आधार देणे ऐच्छिक असल्याचे सरकारने संसदेत सांगितले होते. पण या अर्जात दोनच पर्याय होते. एक तर आधार क्रमांक लिहा, नाही तर ‘माझ्याकडे आधार क्रमांक नाही’ असे लिहून दुसरे कागदपत्र द्या. आधार असूनही न देण्याचा पर्याय त्यात नव्हता. अशा माणसाने करायचे काय? खोटे लिहायचे? मतदार नोंदणीच्या अर्जात खोटी माहिती देणे हा तर एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये आयोगाने न्यायालयाला सांगितले, की या नियमाखाली आधार बंधनकारक नाही आणि अर्जांत तसे स्पष्ट करणारे बदल करण्याचा विचार आहे. त्याच वेळी आयोगाने दिलेला आकडा बोलका होता. तोपर्यंत ६६ कोटी २३ लाख आधार क्रमांक गोळा झाले होते. म्हणजे बंधनकारक नसल्याचा खुलासा होईपर्यंत देशातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी क्रमांक देऊनही टाकला होता. बीएलओ दारात उभा राहून मागतो, तेव्हा अर्जातली बारीक अक्षरे वाचायला कोण बसतो?

मार्च २०२५ मध्ये दोन वेगळ्या मतदारांच्या ओळखपत्रांवर एकच क्रमांक असल्याची प्रकरणे पश्चिम बंगालमधून पुढे आली. त्यानंतर १८ मार्चला आयोगाने केंद्रीय गृह सचिव आणि आधार प्राधिकरणाच्या अधिकाऱ्यांबरोबर बैठक घेतली आणि घटनेच्या कलम ३२६ ला व २०२१ च्या कायद्याला धरूनच जोडणी पुढे नेण्याचे ठरवले. हे कलम ३२६ महत्त्वाचे आहे, कारण ते मतदानाचा हक्क फक्त भारतीय नागरिकाला देते.

आधारमुळे काय साधेल आणि काय नाही?

जोडणीच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा दुबार नावांचा आहे. एका मतदाराचे नाव एकाच मतदारसंघात आणि तेही एकदाच असावे, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात नोकरीसाठी पुण्यात आलेला माणूस तिथे नवी नोंदणी करतो, पण गावाकडचे नाव काढत नाही. त्यात लबाडी असतेच असे नाही. बहुतेकदा आळस असतो. नाव आणि वडिलांचे नाव यांवरून अशी जुळणी करायला गेले तर ‘संजय पाटील’ शेकड्यांनी निघतात. एका माणसाला एकच क्रमांक असेल, तर हे काम सोपे होते. हा फायदा खरा आहे, तो नाकारून चालणार नाही.

मृत मतदारांच्या बाबतीत मात्र आधारचा फारसा उपयोग नाही. मृत्यूची नोंद झाली आणि ती यादीपर्यंत पोहोचली तरच नाव जाणार. त्यासाठी मतदाराचे आधार मागण्याची गरजच नाही. मृत्यू नोंदणीची माहिती थेट रजिस्ट्रार जनरल कार्यालयाकडून घेण्याचे आयोगाने मे २०२५ मध्ये जाहीर केले, ते याचसाठी. हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता.

आणि परकीय नागरिकांचे काय? राजकीय सभांत हाच मुद्दा सर्वांत जोरात मांडला जातो आणि नेमका इथेच आधार निरुपयोगी ठरतो. आधार नागरिकत्वासाठी नसून रहिवाशासाठी आहे. नोंदणीपूर्वीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी व्यक्तीलाही ते मिळू शकते. आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिले आहे.

बिहारमध्ये काय घडले?

२४ जून २०२५ रोजी आयोगाने बिहारमध्ये मतदार यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचा, म्हणजे ‘एसआयआर’चा आदेश काढला. यादीत असलेल्या प्रत्येकाने नवा अर्ज भरायचा होता. २००३ च्या यादीत नाव असेल तर तो उतारा पुरेसा होता, नसेल तर ११ कागदपत्रांपैकी काही द्यायचे होते. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांना स्वतःबरोबर आई किंवा वडिलांचा आणि २ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यांना दोघांचाही पुरावा द्यायचा होता. त्या ११ कागदपत्रांत जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र, पासपोर्ट, जातीचा दाखला होता. आधार, शिधापत्रिका आणि खुद्द आयोगाने दिलेले मतदार ओळखपत्र मात्र नव्हते! मतदार ओळखपत्र यादीवरूनच तयार होते, मग यादीच तपासायची असताना ते पुरावा कसे धरायचे, असा आयोगाचा युक्तिवाद होता. तर्काला तो धरून आहे. पण ज्या कुटुंबाकडे सरकारी कागद म्हणून हेच तीन आहेत, त्याने काय करावे, याचे उत्तर त्यात नव्हते.

७ कोटी ८९ लाख मतदारांपैकी सुमारे ६५ लाख नावे १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत नव्हती. वगळलेल्यांची नावे कारणांसह जाहीर करा, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला सांगितले, तेव्हा कुठे ती बूथनिहाय बाहेर आली. ८ सप्टेंबरला न्यायालयाने आधार हे बारावे कागदपत्र म्हणून स्वीकारायला लावले आणि ते नागरिकत्वाचा पुरावा नसल्याचेही स्पष्ट केले. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत ७ कोटी ४२ लाख मतदार राहिले.

इथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. २०२१ मध्ये आधार नको म्हणणारे अनेक जण २०२५ मध्ये ‘किमान आधार तरी स्वीकारा’ म्हणून न्यायालयात उभे होते आणि आधार हवेच म्हणणारा आयोग ते घ्यायला तयार नव्हता. दोन्ही बाजूंनी कोलांटउडी मारल्यासारखे वाटते. पण प्रश्न दोन्ही वेळी वेगळा होता. एकदा विचारले जात होते, ‘तू तोच का?’ आणि दुसऱ्यांदा, ‘तू इथला नागरिक का?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांच्या खिशात असते. दुसऱ्याचे उत्तर देणारे एकच, सर्वांना मिळालेले कार्ड या देशात अस्तित्वातच नाही.

ऑक्टोबरअखेरीस जाहीर झालेल्या दुसऱ्या टप्प्यातील १२ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत गोव्याचा समावेश होता. महाराष्ट्र त्यात नव्हता. तेव्हा राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका तोंडावर होत्या.

महाराष्ट्रात कोणते प्रश्न आहेत?

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा मतदारसंघात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी साडेसहा हजारांहून अधिक नवे अर्ज संशयास्पद निघाले. ते पडताळणीत फेटाळले आणि गुन्हा दाखल केला, असे आयोगाचे म्हणणे. बनावट नावे घुसवली गेली, हा राहुल गांधी यांचा आरोप. ऑनलाइन अर्ज भरणारा खरा कोण, हे कळत नव्हते ही गोष्ट मात्र यातून पुढे आली. कर्नाटकातील आळंदमध्ये तर दुसऱ्यांच्या नावाने नावे वगळण्याचे अर्ज गेले होते. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने ऑनलाइन अर्जांसाठी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी घेऊन ई-स्वाक्षरीची पद्धत आणली. अर्जदार खरा आहे ना, एवढेच तपासायला आधार वापरणे हा त्याचा कदाचित सर्वांत कमी वादग्रस्त उपयोग आहे.

मतदार यादीतील घोळाविरोधात १ नोव्हेंबर २०२५ रोजी विरोधी पक्षांनी मुंबईत मोर्चा काढला. राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुकांसाठी वेगळाच मार्ग काढला. संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारांकित खुणा केल्या आणि कुठे मतदान करणार, हे त्यांच्याकडून लेखी घ्यायचे ठरवले. नाव कापले नाही आणि आधारही मागितले नाही. पद्धत ढोबळ आहे. पण चूक झालीच तर ती मतदाराच्या बाजूने होते.

कारण जुळणी चुकली की फटका कोणाला बसतो, हे आपल्या गावात पाहिले तरी कळते. लग्नानंतर नाव, मधले नाव आणि आडनाव बदललेल्या बायकांच्या आधारवर माहेरचे नाव असते आणि यादीत सासरचे. दिवाळीनंतर कोयता घेऊन सहा महिने बाहेर राहणाऱ्या बीडच्या ऊसतोड जोडप्याच्या दाराला पडताळणीच्या वेळी कुलूप असते. तात्पुरते बाहेर गेल्याने कोणी ‘सर्वसाधारण रहिवासी’ म्हणून बाद होत नाही, असे कायदा स्पष्ट सांगतो. पण कुलूप पाहून ‘स्थलांतरित’ असा शेरा मारला गेला, तर फडावरून येऊन तो खोडायचा कोणी? भटक्या-विमुक्तांच्या पालांवर तर आईवडिलांचा जन्मदाखला हा शब्दच परका आहे.

नाव वगळायचे तर नियम काय?

अचानक नाव वगळता येत नाही. मृत्यूचे कारण सोडले, तर मतदाराला नोटीस देऊन म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. याबाबतचा महत्त्वाचा निकाल मुंबई आणि दिल्लीतल्या वस्त्यांशी जोडलेला आहे. तिथल्या मतदारांना १९९४ मध्ये नागरिकत्व सिद्ध करा, अशा नोटिसा गेल्या होत्या. ‘लाल बाबू हुसेन’ प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नाव आधीच्या यादीत असेल तर ते रीतसर पडताळणीनंतरच आले असे गृहीत धरावे लागेल, ठरावीक कागदांचाच आग्रह धरता येणार नाही आणि सरसकट नव्हे तर प्रत्येकाचे म्हणणे ऐकून निर्णय द्यावा लागेल. ‘एसआयआर’विरोधी याचिकांत याच निकालाचा आधार घेतला गेला.

नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि नंतर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. नवे नाव नोंदवायला अर्ज ६, दुसऱ्या नावावर आक्षेप घ्यायला किंवा नाव वगळायला अर्ज ७ आणि दुरुस्ती किंवा पत्ता बदलण्यासाठी अर्ज ८ असतो. घर बदलले असेल तर नवा अर्ज ६ भरू नका, अर्ज ८ भरा. दुबार नावांचा मोठा भाग या एका चुकीतून तयार होतो. नाव यादीत आहे का, हे आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा १९५० या क्रमांकावर विचारता येते. मतदानाच्या आदल्या दिवशी ते पाहून मात्र काही होत नाही, कारण उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली, की निवडणूक संपेपर्यंत यादीत नाव घालताही येत नाही आणि काढताही येत नाही.